परतीचे मावंदे

पूर्वी आपल्याकडे कोणी काशीयात्रेला निघाले की गाव वेशीपर्यंत पोचवायला येई. वाट लांबची, बहुतेक पायीची. माणूस परतेलच याची खात्री नसे. आणि तो परतला, तरी घराचा उंबरा ओलांडला म्हणजे यात्रा संपली असे कोणी मानीत नसे. आणलेल्या गंगेची पूजा व्हायची, पळी पळी तीर्थ घरोघर जायचे, पंगत बसायची. याला मावंदे म्हणतात. मावंदे झाले की यात्रा पुरी झाली. या चालीत मोठा विचार आहे. यात्रेत जे पदरात पडले ते एकट्याचे नाही. वाटल्याशिवाय ते आपलेही होत नाही. यात्रा क्षेत्राला पोचल्यावर संपत नाही, घरी परतल्यावर संपत नाही. ती वाटल्यावर संपते.

हा विचार माझ्या डोक्यात घोळण्याला कारण आहे. मी मृदंग वाजवतो. वडील आमच्या गावच्या दिंडीत विणेकरी होते. त्यांच्या मागे चालता चालता हाताला ठेका लागला. गेली काही वर्षे अभंगगायनाच्या कार्यक्रमांत साथीला बसतो आणि त्या निमित्ताने इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, मॉरिशस इतके देश पाहून झाले. मी काही यात्रेला गेलो नव्हतो, पोटासाठी गेलो होतो. पण बरोबर जे भांडवल नेले ते माझे नव्हते, संतांचे होते. मग अशा माणसाने परत आल्यावर मावंदे कशाचे घालायचे? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न असा की, त्याने मुळात जावे का?

हा दुसरा प्रश्न मला गावातल्या वडीलधाऱ्यांनीच विचारला. तुकोबारायांनी कीर्तनाच्या द्रव्याबद्दल किती कडक शब्द वापरले आहेत ते आपण सारे जाणतो. जिथे कीर्तन करावे तिथले अन्नही घेऊ नये, बैलाला वैरणसुद्धा मागू नये, इथपर्यंत महाराज जातात. घेणारा आणि देणारा दोघांनाही ते सोडत नाहीत. आता यावर एक सोपी पळवाट आहे. आम्ही करतो ते कीर्तन नव्हे, तो गायनाचा कार्यक्रम आहे, असे म्हणता येते. पंडित भीमसेन जोशी यांच्या ‘संतवाणी’ने अभंग मोठमोठ्या सभागृहांत पोचवला, ज्यांच्या घरात कधी टाळ नव्हता त्यांच्या घरात अभंग गेला. त्याला कोण नाव ठेवील? हे खरे आहे. तरीही ही पळवाट मला पुरत नाही. कारण कार्यक्रम वेगळा, कीर्तन वेगळे, हे आपण ठरवतो. अभंगाला ते माहीत नसते. तो तिकिटाच्या मांडवातही तेच मागतो जे देवळाच्या मंडपात मागतो.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मृदंग खांद्याला लावून पोट भरत नाही. आज गावोगावच्या सप्ताहांत गायक, मृदंगाचार्य यांना बिदागी मिळते. कोरडवाहू शेतकऱ्याचे पोर त्यावर घर चालवते. त्याला एका झटक्यात पापी ठरवणे मला जमत नाही. म्हणून मी स्वतःपुरती एक कसोटी धरली आहे. पैसे वेळेचे असतील, प्रवासाचे असतील, हाताला लागलेल्या तालमीचे असतील, नामाचे नसावेत. पण हे कळणार कसे? परदेशात ते कळत नाही. तिथे पैसेही असतात आणि भावही असतो, दोन्ही एकात एक मिसळलेले. ते वेगळे होतात घरी आल्यावर. जिथे कोणी काही देणार नाही, कोणी नाव घेणार नाही, अशा एकादशीच्या जागराला हात तितक्याच प्रेमाने चालतो का, हा खरा हिशेब. म्हणून जाण्याच्या प्रश्नाचे उत्तर जाण्यात नाही, परतण्यात आहे, असे मला वाटते.

आपल्या संप्रदायात दूर जाऊन आलेला थोर पुरुष म्हणजे नामदेवराय. त्यांना पंढरी सोडवत नव्हती. ज्ञानोबारायांनी तीर्थयात्रेला चला म्हटले तेव्हा पांडुरंगाच्या वियोगाने त्यांची झालेली तळमळ तीर्थावळीच्या अभंगांत आहे. पुढे तेच नामदेव पंजाबापर्यंत गेले. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचा दीर्घकाळ वास होता. त्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत आणि तिथले लोक त्यांना आजही आपले मानतात. २०१५ साली ८८वे मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले ते त्याच धाग्याने. इतक्या दूरवर ज्याचे नाव झाले त्याची पंढरपुरातली जागा कोणती? महाद्वाराची पहिली पायरी. देवाच्या दर्शनाला जाणाऱ्या संतांचे पाय आपल्याला लागावेत म्हणून त्यांनी ती जागा घेतली, अशी आपली परंपरा सांगते. ज्याने मुलुख पालथा घातला त्याने परत आल्यावर उंच आसन मागितले नाही. लोक ज्यावर पाय ठेवतील ती जागा मागितली.

परतणाऱ्याने कुठे बसावे, याचे याहून स्पष्ट उत्तर नाही. पण ते आचरणे सोपे नाही, आणि का सोपे नाही ते मृदंगाच्या भाषेत सांगतो.

परदेशी मृदंग नेणे हा एक सोहळाच असतो. कातडे आणि लाकूड दोन्ही असल्यामुळे ऑस्ट्रेलियात विमानतळावर ते आधी जाहीर करावे लागते; अधिकारी खोळ काढून वाद्य चहूबाजूंनी तपासतात. थंड मुलखात सभागृह आतून तापवलेले असते, हवा कोरडी, त्यामुळे कातडे ताणून सूर चढतो. गठ्ठे पुन्हा ठोकावे लागतात. जिथे उतरू तिथल्या माउलीकडे पहिली मागणी मूठभर कणकेची. डाव्या तोंडाला ती लावली की मगच मृदंग बोलतो. हे सारे झाल्यावर मंचावर बसायचे. प्रत्येकाच्या पुढे स्वतंत्र ध्वनिक्षेपक, समोर अंधारात शांत बसलेले श्रोते. गायक तयारीचा, टाळ मोजके, सूर नेमका. आवर्तन कसे काचेसारखे स्वच्छ उतरते. दोन महिने असे वाजवले की कानाला त्याची सवय लागते.

मग घरी यावे. एकादशीची रात्र असते. मारुतीच्या देवळात वीस-पंचवीस मंडळी. एकाचा सूर पंचमाकडे, दुसऱ्याचा त्याच्या खाली. ऐंशीच्या घरातले एक बाबा टाळ घेऊन उभे असतात; त्यांचा टाळ नेहमी अर्धी मात्रा पुढे धावतो. तिकडून आलेला कान हे सारे ताबडतोब टिपतो. कान न्यायाधीश होऊन बसतो. इथे परीक्षा आहे.

मंचावर माझे काम ताल धरून ठेवण्याचे असते. जो चुकेल तो बाहेर पडेल. आवर्तन त्याच्यासाठी थांबणार नाही. दिंडीतल्या मृदंगाचे काम निराळे. तिथे ताल मोडू द्यायचा नाही हे खरेच, पण बाबांना बाहेरही पडू द्यायचे नाही. त्यांचा टाळ पुढे गेला की एक थाप जरा ठळक द्यायची, लय हलकेच सावरायची, पुढच्या चरणाला ते आपोआप घरी येतात. त्यांना कळतही नाही की कोणी सांभाळले. मंचावर कोणी गाणारा असतो, कोणी ऐकणारा. दिंडीत ऐकणारा कोणीच नसतो. सारे गाणारे असतात आणि ऐकणारा एकटा विटेवर उभा असतो. ज्याला ऐकवायचे त्याचीच तक्रार नसेल, तर मधल्या माझ्या कानाने कशाला निवाडा द्यावा?

पण यावरून बेसूर गाणे म्हणजेच भक्ती, असा उलटा अर्थ कोणी काढू नये. आपल्या पूर्वजांनी चालीची, तालाची फार निगा राखली आहे. १९१७ साली विष्णुबुवा जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली ती यासाठीच की पाठ शुद्ध असावा, अर्थ कळावा, परंपरा नीट हातात यावी. निष्काळजीपणा हा भाव नव्हे. प्रश्न एवढाच आहे की बाहेरून शिकून आणलेले चांगले आपण घरात कसे आणतो. दोष दाखवीत आणले तर दोन म्हातारे उद्यापासून टाळ हातात घेणार नाहीत. सेवा करीत आणले तर त्यांच्याच टाळात ते उतरेल.

टाळीचेही तसेच. तिकडे अभंग संपला की टाळ्यांचा कडकडाट होतो. तो प्रेमाचाच असतो, त्याला मी कमी लेखत नाही. पण आपल्याकडे टाळी अभंग संपल्यावर वाजत नाही, अभंग चालू असताना वाजते. तिकडची टाळी गाणाऱ्याला दिलेली असते, इकडची नामाला दिलेली. एक टाळी हात मोकळे असलेल्याची, दुसरी हात कामाला लावलेल्याची. पहिलीची चटक लागली की दुसरी कानाला लहान वाटू लागते. परतणाऱ्याने सांभाळायचे ते हे.

मॉरिशसला मला या सगळ्याची एक निराळी बाजू दिसली. तिथल्या पोर्ट लुई बंदरात आप्रवासी घाट आहे. १८३४ ते १९२० या काळात हिंदुस्थानातून नेलेले जवळजवळ पाच लाख करारबद्ध मजूर तिथे उतरले. त्यांच्यात आपल्या कोकणातली माणसेही होती. बंदरातून वर येताना चढायच्या १६ दगडी पायऱ्या अजून आहेत. त्या चढलेल्यांपैकी कित्येक परत उतरलेच नाहीत. ऊस तोडता तोडता तिथेच पिढ्या गेल्या. आज त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या घरी बहुधा क्रिओल बोलली जाते. पण गणेश चतुर्थीला गणपती बसतो, त्या दिवशी देशाला सुट्टी असते, आणि झाकरी अजून नाचली जाते. अभंग गाताना समोरच्या कितीतरी जणांना शब्दाचा अर्थ पुरता लागत नव्हता, तरी ठेका धरताना एकाचाही हात चुकला नाही.

त्या पायऱ्यांवर उभे राहिलो तेव्हा मनात आले, यांना परतणे लाभले नाही. मग यांचे घर कोणते? मृदंग वाजवणाऱ्याला याचे उत्तर समेत सापडते. आवर्तनात आपण समेपासून निघतो, लांब जातो, आडवळणे घेतो, आणि पुन्हा समेवर येतो. सम ही मुक्कामाची जागा नाही; तिच्यावर कोणी बसून राहत नाही. पण ती मनात पक्की नसेल तर लांब जाणे म्हणजे भरकटणे. वारी म्हणजे तरी दुसरे काय? पुन्हा पुन्हा येणे. एकदा पंढरी पाहिली त्याला आपण वारकरी म्हणत नाही. जो येरझार चुकवत नाही तो वारकरी. तेव्हा घर म्हणजे जिथे देह राहतो ती जागा नव्हे. ज्याच्याकडे मन पुन्हा पुन्हा वळते ते घर. मॉरिशसच्या त्या लोकांचे पाय परतले नाहीत, पण वर्षाच्या वर्षाला मन समेवर येत राहिले, म्हणून पावणेदोनशे-दोनशे वर्षांनीही हात चुकत नाही. उलट पायाने घरी परतलेला माणूसही मनाने तिकडेच राहू शकतो. विमानतळावर उतरणे आणि परतणे यांत एवढे अंतर आहे.

आता सर्वांत अवघड गोष्ट. अमेरिकेत मराठी मंडळांचे मोठे मेळावे बहुधा उन्हाळ्यात होतात, आणि तिथला उन्हाळा म्हणजे आपला ज्येष्ठ-आषाढ. ज्या दिवसांत माउलींची पालखी वाटेवर असते, नेमक्या त्याच दिवसांत पंढरीचे अभंग गाण्याचे निमंत्रण येते. पंढरीची वाट सोडून पंढरीची गाणी गायला जायचे, हा पेच थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

एका आषाढात मी न्यू जर्सीत होतो. कार्यक्रम सायंकाळचा. मध्यंतरात एक आजोबा मंचाजवळ आले. डोक्यावर टोपी, गळ्यात माळ. आधी ते मृदंगाच्या पाया पडले, मग माझ्या. मीही त्यांच्या पडलो. सुनेच्या बाळंतपणासाठी दोघे म्हातारे आले होते. तीस वर्षांची वारी त्या वर्षी चुकली होती. माझे वाजवणे कसे झाले याबद्दल ते अक्षर बोलले नाहीत. त्यांनी विचारले, “माउली, पालखी कुठवर आली?”

मग माझ्या उत्तराची वाट न पाहता त्यांनीच बोटांवर मुक्काम मोजले. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद करीत ते तरडगावला आले आणि म्हणाले, “म्हणजे चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण झालं. आता तिकडं पहाट होत आली असेल, काकडा सुरू होईल.” उत्तरार्धात ते मागच्या भिंतीशी एकटेच उभे राहून पावली टाकत होते.

त्या आजोबांमुळे मला दोन गोष्टी कळल्या, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत असे प्रथम वाटते. पहिली अशी की, तिकडे जाणे व्यर्थ नाही. त्या सभागृहात शेकडो माणसे आली असतील करमणुकीला, पण एक माणूस वारीला आला होता. त्याच्यासाठी त्या रात्रीचा मृदंग हाच पालखी सोहळा होता. त्याला तेवढे मिळाले यात माझे वैगुण्य काही नाही आणि थोरवीही काही नाही.

दुसरी गोष्ट अशी. त्यांचा प्रश्न सुटतो तो कोणीतरी चालत असल्यामुळे. ‘पालखी कुठवर आली’ या प्रश्नाला अर्थ आहे, कारण त्या घडीला तरडगावच्या माळावर पावसात भिजत लाखो माणसे उभी असतात. उद्या सांगणारे वाढले आणि चालणारे आटले, तर सांगायचे तरी काय? साऱ्या जगभर ऐकवल्या जाणाऱ्या अभंगाचे पाणी या वाटेवरच्या झऱ्याचे आहे. दोर कितीही लांब केला तरी विहीर उपशाने भरत नाही. माझ्या गावच्या दिंडीत मृदंग वाजवणारा मीच एक मोठ्या हाताचा उरलो होतो. मी नसताना सोळा-सतरा वर्षांच्या पोराने तो कसाबसा ओढला. ते पोर मला परतल्यावर पहिला प्रश्न काय विचारते? “तिकडं किती मिळतात?” त्याच्या प्रश्नाचा मला राग आला नाही. त्याच्यापुढे दुसरा प्रश्न उभा राहील असे काही आपण त्याला दाखवले आहे का, याची काळजी वाटली.

म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र धरून मी माझ्यापुरता नेम केला. नेम जगाला सांगण्यासाठी नसतो, पण विषय निघाला आहे म्हणून सांगतो. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींचे प्रस्थान होते. त्या दिवसापासून आषाढी पौर्णिमेच्या काल्यापर्यंतचे कोणतेही निमंत्रण घेत नाही, मग ते कुठलेही असो, कितीचेही असो. उरलेल्या वर्षात बोलावणे आले तर जातो, आनंदाने जातो, आणि जाताना त्या आजोबांसारखा कोणी तिथे असेल असे धरूनच वाजवतो. परतलो की मावंदे घालतो. ते मिष्टान्नाचे नव्हे. जितके आठवडे बाहेर राहिलो तितके महिने देवळात रोज संध्याकाळी गावातल्या पोरांना मृदंगाचे हात शिकवायचे, एक पैसा न घेता. जे बाहेर पाहिले, ऐकले, हाताला लागले, ते सारे त्यांच्यापुढे ओतायचे. तीर्थ पळीपळीने वाटतात तसे.

या मावंद्याला कोणी मोठे म्हणू नये. ऋण फेडणे हा पराक्रम नव्हे. आपल्यातील कितीतरी जण आज या ना त्या कारणाने दूर असतात. कोणी परदेशात नोकरीला, कोणी मुंबई-पुण्याच्या गिरणी-कारखान्यात आयुष्य काढलेले, कोणी मुलांकडे. प्रत्येकाने बाहेरून काहीतरी आणलेले असते. कोणाकडे पैसा, कोणाकडे विद्या, कोणाकडे नुसता अनुभव. ते घेऊन आपण गावी येतो तेव्हा दोन जागा आपली वाट पाहत असतात. एक व्यासपीठावरची खुर्ची, सत्काराची. दुसरी पायरी. पहिली आपल्याला कोणीही देईल. दुसरी मागून घ्यावी लागते.

आपल्या दिंडीत वीणा खाली ठेवीत नाहीत. एक थकला की दुसरा पुढे होऊन ती आपल्या गळ्यात घेतो. घेणाऱ्याला कोणी विचारत नाही की बाबा, तू कुठून आलास, कुठले देश पाहिलेस. एवढेच पाहतात की ती खाली टेकू नये. दूर गेलेल्याने परत यायचे ते या वेळेला. त्याच्या परतण्याचा उपयोग एवढाच, आणि तेवढा पुष्कळ आहे.

रामकृष्ण हरी.